आवाज येतो, बोलणं येत नाही

आई,

तू खोटं बोलत नव्हतीस. हे वाक्य मी आज सकाळपासून तीनदा मोठ्याने म्हणून बघितलं. एकदा चहा गाळताना, एकदा तळेगावला येताना गाडीत आणि एकदा इथे माझ्या कान तपासायच्या खोलीत, दार लावून. या खोलीत बाहेरचा आवाज येत नाही आणि आतला बाहेर जात नाही, त्यामुळे एकटीने बडबडायला ती फार सोयीची आहे. तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं असं नाही, पण हातात काही धरून बोलावं असं वाटत होतं. पुराव्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही खोड मला माझ्या कामाने लावली. आता पुरावा आहे. तुझा नाही, तुझा आता कुठून मिळणार, पण तुझ्यासारख्याच एका बाईचा आहे, आणि तो बघितल्यापासून तुझ्याविरुद्ध बोललेल्या एकेकाला रांगेत उभं करून दाखवावा असं मला वाटतंय. त्या रांगेत पहिला नंबर माझा लागतो, पण ते पुढे येईलच.

बाजाराच्या मागच्या गल्लीतला तो चिक्कीचा कारखाना आता राहिला नाही. तिथे गाड्या लावायची जागा झाली आहे आणि शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या तिथे शिरायला एकमेकींशी भांडत असतात. मी मात्र लोणावळ्यात गेले की त्या गल्लीतून एक चक्कर मारतेच. शाळा सुटली की दप्तर घेऊन मी सरळ तिथे यायचे आणि शेंगदाण्याच्या पोत्यावर बसून गृहपाठ करायचे. तू भट्टीसमोर उभी आहेस. पदर खोचलेला, कपाळावर घाम, कढईत गूळ फसफसतोय आणि तू तो हलवते आहेस. बाकीच्या बायका रंग बघून, तार बघून पाक ओळखायच्या आणि अधूनमधून त्यांचा एखादा घाणा दातांना चिकटणारा निघायचा. तुझा कधी निघाला नाही. वाटीतल्या गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचा, तो आळला की उचलून पितळी थाळीवर टाकायचा. थप् वाजलं तर कच्चा, टण् वाजलं तर झाला. ही रीत सगळ्यांचीच होती, पण तुला थप् आणि टण् यांच्या मधलंही काही ऐकू यायचं. भट्टी घरघरतेय, दाणे पाखडणाऱ्या बायकांची तोंडं चालू आहेत, बाहेर टेंपोवाला हॉर्न देतोय, आणि तू थाळीकडे न बघता म्हणतेस, "अजून दोन कढ." कधी चुकली नाहीस. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या पाकावरच्या बाईचे कान सोन्याचे आहेत.

हे सोन्याचे कानच तुला नडले. कारण त्याच कानांना माणसाचं बोलणं कळायचं नाही. समोर बसून, तोंडाकडे बघत, सावकाश बोललं की सगळं कळायचं. पाठीमागून बोललं, दोघं-तिघं एकदम बोलले, की तुझा चेहरा कोरा व्हायचा. घाटाकडे निघालेल्या इंजिनाची शिट्टी आपल्या खोलीत सगळ्यांच्या आधी तुला ऐकू यायची, आणि मी मागून आई, आई म्हणून घसा फोडला तर तू वळून विचारायचीस, काय म्हणालीस? मी पुन्हा सांगायचे. तू पुन्हा विचारायचीस. तिसऱ्या वेळी मी म्हणायचे, "काही नाही, जाऊ दे." बाबा देहूरोडच्या डेपोतून थकून यायचे, त्यांना तर दुसऱ्यांदा सांगायचाही कंटाळा. ते म्हणायचे, हिला ऐकायचं असतं तेव्हा बरोबर ऐकू येतं. आम्ही हसायचो. तूही हसायचीस, का हसतोय ते न कळता. आज ते हसणं आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एकदा तू मला नीट सांगितलं होतंस. भाकरी थापत होतीस आणि मी समोर बसले होते, म्हणजे तुझ्या सोयीच्या जागी. मी विचारलं, तुला नक्की काय होतं गं? तू हात थांबवून विचार केलास आणि म्हणालीस, "आवाज येतो. चांगला मोठा येतो. पर त्यातलं बोलणं न्हाई येत. ते मदीच कुटंतरी गळून जातं." मला वाटलं, ही काहीतरीच सांगते आहे. आवाज आला तर बोलणं कसं येणार नाही? आता हे वाक्य मला इतकं अचूक वाटतं की माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी तेच सांगते. ते वहीत उतरवून घेतात.

मग तो दिवस. मी बारा वर्षांची. पाक झाला, तू कढई उचलून ओट्यावर ओतायला वळलीस. ओट्याला तेल लावणारी मावशी, तुझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तेल लावून बाजूला झाली होती. पण कडेला काहीतरी चिकटलेलं तिला दिसलं आणि तिने पुन्हा हात घातला. ती ओरडली, थांब गं, थांब. तू थांबली नाहीस. तिची तीन बोटं भाजली. तिला दवाखान्यात नेलं आणि मग सगळा कारखाना तुझ्याभोवती गोळा झाला. तू रडत सांगत होतीस की आवाज आला, पण हितं कोणी ना कोणी ओरडतच असतं, ती काय म्हणाली ते कळलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, थाळीचा टणका बरा ऐकू येतो, आणि माणसाची किंकाळी ऐकू येत नाही? मग सगळ्यांनाच ते पटलं.

शेठ तसा वाईट माणूस नव्हता. तू तोंड धुवायला पिंपाकडे गेलीस तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "पोरी, खरं सांग. तुझी आई बहिरी आहे का?" आई, मला फक्त तो बहिरी शब्द ऐकू आला. मला वाटलं, हो म्हटलं की तुला काढून टाकणार. बहिऱ्या बाईला उकळत्या कढईसमोर कोण उभं करील? तुझी जागा माझ्या हातात आहे, असं मला वाटलं. मी ओट्यावरची थाळी उचलली, तुझ्या पाठीमागे गेले आणि झाऱ्याने एकदाच वाजवली. टण्. तू चटकन वळलीस. डोळे रडून लाल झालेले, तोंडावर पाणी, आणि सवयीने विचारलंस, "झाला पाक?"

मी जिंकल्यासारखं शेठकडे बघितलं. शेठ मान हलवत म्हणाला, झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही. मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. दुसऱ्या दिवशी तुला पाकावरून काढून मागच्या खोलीत कागद गुंडाळायला बसवलं तेव्हा लागला. तू बहिरी नाहीस हे मी दाखवून दिलं होतं. म्हणजे मग तू काय होतीस? निगरगट्ट. खोटारडी. मावशीची बोटं महिनाभरात बरी झाली, पण ती पुन्हा तुझ्याशी बोलली नाही. आणि लोणावळ्यातली सगळ्यात चांगली पाकवाली नंतर आठ वर्षं चिक्कीवर कागद चढवत राहिली. मी वाचवायला गेले आणि बुडवून आले.

डॉक्टरचं तुला आठवत असेल. मी कॉलेजात जायला लागल्यावर तुला पुण्याला कान तपासायला नेलं होतं. तू नवी साडी नेसली होतीस. आवाज ऐकू आला की बोट वर करायचं, एवढंच काम. काचेपलीकडून मी बघत होते, आणि तू प्रत्येक आवाजाला, अगदी बारीक आवाजालाही, बोट वर करत होतीस. तुला वाटलं ही परीक्षा आहे, आणि तू ती मन लावून दिलीस. डॉक्टर मला म्हणाले, कान उत्तम आहेत, बाईंना फक्त लक्ष द्यायला सांगा. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "पास झाले का गं?" मी म्हटलं, "हो." तू खूश झालीस, आपण रसवंतीत रस प्यायलो, आणि मी मनात म्हटलं, म्हणजे बाबांचंच खरं.

तुला वाटेल, मी हा कानांचा अभ्यास घेतला तो तुझ्यासाठी. सिनेमात तसं असतं. मला दुसरीकडे प्रवेश मिळाला नाही म्हणून मी इकडे आले, हे खरं. निघताना तू ती थाळी माझ्या पिशवीत घातलीस. पाकावरून हलवलं तेव्हा शेठने ती तुला देऊन टाकली होती. मी म्हटलं, मेसमध्ये जेवणार मी, थाळी कशाला? तू म्हणालीस, असू दे. दुसऱ्या वर्षाला असताना तू गेलीस. आणि तिसऱ्या वर्षाला एका दुपारी बाईंनी वर्गात दोन आलेख शेजारी शेजारी लावले. एका माणसाच्या मेंदूने नुसत्या स्वराला दिलेलं उत्तर आणि त्याच माणसाच्या मेंदूने बोलण्याला दिलेलं उत्तर. मी वही मिटली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसले.

तुला सांगते, ही तपासणी पाकासारखीच सोपी आहे. डोक्याला आणि कानामागे वायरी चिकटवायच्या. माणसाने बोटसुद्धा वर करायचं नाही, मुकाट पडून राहायचं. कानात आधी नुसते स्वर वाजवायचे, शेकडो वेळा. मग एकच अक्षर, दा, तेही शेकडो वेळा. मेंदू जे उत्तर देतो त्याची सरासरी पडद्यावर रेघ होऊन उमटते. स्वराची रेघ सरळ स्वभावाची असते. स्वर आला, तसाच राहिला, थांबला. बोलणं तसं नसतं. नुसतं दा म्हणायचं तर जीभ दाताला लागते, सुटते, मागून आवाज उघडतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं बदललेलं असतं, आणि मेंदूला त्या प्रत्येक बदलामागे तितक्याच वेगाने धावावं लागतं. म्हणून धडधाकट माणसाच्याही या दोन रेघा सारख्या नसतात. आणि काही माणसांत पहिली रेघ अगदी देखणी असते, आणि दुसरी उशिरा उठते, फिसकटलेली, जागोजाग मोडलेली. आवाज पोचतो. बोलणं मधेच कुठेतरी गळून जातं. चौथी शिकलेल्या माझ्या आईने भाकरी थापता थापता सांगितलं होतं ते हे.

आता त्या बाईचं ऐक. दोन महिन्यांपूर्वी ती सासूबरोबर आली. पवनानगरजवळच्या गावातली, पस्तिशीची, इकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लाइनवर काम करते. हातात नोटीस. कामात जाणूनबुजून दुर्लक्ष, खुलासा द्या, नाहीतर घरी बसा. कारखान्याच्या डॉक्टरने कान तपासले होते, बोट वर करायचीच तपासणी, आणि कान ठीक म्हणून लिहून दिलं होतं. सुपरवायझरचं म्हणणं, मशीनचा बझर हिला सगळ्यांच्या आधी ऐकू येतो, मग माझं सांगणंच कसं ऐकू येत नाही? सासूचंही तेच. "घरी बी तेच हाये, मॅडम. कुकरची शिट्टी मोजती, आन् माझी हाक तेवढी ऐकू येत न्हाई." सून खाली बघत बसली होती. मी तिच्या समोर खुर्ची ओढली, तिला तोंड दिसेल अशी बसले आणि विचारलं, नक्की काय होतं? ती म्हणाली, "आवाज येतो. बोलणं येत न्हाई."

आई, वीस वर्षांत मी अशी माणसं पाहिली नाहीत असं नाही, पण तुझे शब्द तुझ्या बोलीत कोणी म्हटले नव्हते. मी तिला आत नेलं. आधी स्वर. पडद्यावर रेघ आली ती पाठ्यपुस्तकात छापावी अशी. मग दा. एकदा घेतलं, दुसऱ्यांदा घेतलं, वायरी काढून पुन्हा लावल्या आणि तिसऱ्यांदा घेतलं, कारण माझ्या मनाला जे हवं आहे तेच डोळे बघतात की काय अशी मला धास्ती होती. तिन्ही वेळा तेच. उशिरा आणि मोडकी. एका रेघेवर मी निकाल देत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावून गोंगाटातले शब्द ओळखायची तपासणी घेतली. शांत खोलीत तिला बहुतेक शब्द आले, आणि मागे बाजाराचा कलकलाट लावला तसे सगळे गेले. स्वर मात्र त्या कलकलाटातही तिने एकूण एक पकडले.

मी पडदा सासूकडे फिरवला. ही रेघ बझरची, ही तुमच्या हाकेची, म्हटलं. बझर हिच्या डोक्यात असा पोचतो आणि तुमची हाक अशी पोचते. हिचा कान चांगला आहे, मनही चांगलं आहे, बिघाड मधल्या वाटेवर आहे. सासू पडद्याजवळ सरकली. मग तिने बोट लावून दुसरी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गिरवली आणि म्हणाली, "म्हंजी ही खोटं बोलत न्हवती." तिने विचारलं नाही, सांगितलं. मग ती उठली, सुनेच्या समोर जाऊन उभी राहिली, तिला तोंड नीट दिसेल अशी, आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली, "माजं चुकलं, बाई." सुनेला ते पहिल्याच वेळी कळलं.

मी अहवाल लिहिला. चार पानांचा लिहिला, एका पानाचं काम असताना. हे जाणूनबुजून नाही, असं मी त्यात तीन ठिकाणी लिहिलं. कारखान्यातल्या साहेबांचा फोन आला, मॅडम, ऐकू येतं की नाही एवढंच सांगा. मी म्हटलं, साहेब, तुमच्या नोटिशीत हाच घोटाळा आहे, ऐकू येणं ही एक गोष्ट नाहीच, या आणि डोळ्यांनी बघा. आले बिचारे. सुपरवायझरलाही घेऊन आले. त्याला मी गोंगाटात बोलणं मोडून कसं ऐकू येतं ते हेडफोनवर ऐकवलं. पाच मिनिटांत त्याने हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाला, ही बाई इतकी वर्षं काम करते तरी कशी?

काल त्या दोघी पुन्हा आल्या. पिशवीत घरचा इंद्रायणी तांदूळ आणि वर कारखान्याचं पत्र. नोटीस मागे घेतली. तिच्या लाइनवर एक पांढरा फळा लावला, रोजच्या सूचना आता त्यावर लिहितात, आणि तिला मागून हाक मारायची नाही, समोर यायचं असं सगळ्यांना सांगितलं. फळ्याचा उपयोग बाकीच्यांनाच जास्त होतोय, असं ती हसत म्हणाली. सासू मला म्हणाली, आता मी पन सैपाकघरात फिरून तिच्या म्होरं जाते अन् मगच बोलते, लय चालनं होतं. मी इतकी हसले की बाहेरचे पेशंट डोकावून गेले. आई, आपण जिंकलो. उशिरा जिंकलो, पण जिंकलो. सोंगाचा आळ निदान एका बाईवरून तरी मी पुसायला लावला.

त्या गेल्यावर मी कपाटातून तुझी थाळी काढली. बारा वर्षांची असताना ती वाजवली होती, त्यानंतर कधी धीर झाला नव्हता. पेनाने वाजवली. टण्. अजून तशीच वाजते. तू असतीस तर वळून विचारलं असतंस, आणि आज मी सांगितलं असतं, हो, झाला पाक.

हा कागद मी कुठे पाठवणार? थाळीखाली ठेवून देईन. पण एक राहिलं आहे. त्या दिवशी कारखान्यातून घरी येताना तू मला विचारलं होतंस, शेठ तुला काय म्हणाला, आणि तू थाळी का वाजवलीस? मी चालता चालता, मान खाली घालून काहीतरी पुटपुटले. तू म्हणालीस, कळलं नाही. मी पुन्हा पुटपुटले. मग तू रस्त्याच्या कडेला थांबलीस, माझ्या समोर आलीस आणि म्हणालीस, "बोलू नगं. मला लिवून दे. लिवलेलं मला कळतं." मी म्हटलं, माझ्याकडे कागद नाही. दप्तर माझ्या पाठीवर होतं, आई. त्यात चार वह्या होत्या.